कॅरॅव्हॅनमध्ये पाणी मुरते कुठे? : गळती शोधणे आणि दुरुस्त करणे यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरे मोटारीला जोडून ओढत न्यायच्या, म्हणजे स्वतःचे इंजिन नसलेल्या प्रवासी कॅरॅव्हॅनविषयी आहेत. उत्तरांची लांबी मुद्दाम सारखी ठेवलेली नाही. ज्या ठिकाणी बहुतेकांची चूक होते तिथे विस्ताराने लिहिले आहे आणि बाकीचे थोडक्यात आटोपले आहे.

बैठकीखाली किंवा जमिनीवर ओल दिसली. सर्वांत आधी काय करावे?

सीलंटची नळी हातात घेऊ नये, हे पहिले. ओल दिसल्याबरोबर जवळच्या फटीत काहीतरी भरून टाकण्याचा मोह प्रत्येकाला होतो आणि निम्म्याहून अधिक श्रम त्यातच वाया जातात. आधी बाहेरून येणारा वीजपुरवठा बंद करावा, कारण बैठकीखालच्या कप्प्यांतूनच वायरी, चार्जर आणि जोडपेट्या गेलेल्या असतात. त्यानंतर पाण्याचा पंप बंद करावा, गाद्या, गालिचा आणि कप्प्यांतले सामान बाहेर काढावे आणि ओलसर भागाच्या कडेने पेन्सिलीने रेघ मारून तिच्याशेजारी तारीख व वेळ लिहावी. ही रेघ फार उपयोगी पडते. दोन दिवसांनी ओल रेघेच्या बाहेर गेली की आत आली, यावरून गळती चालू आहे की थांबली आहे, हे कोणत्याही उपकरणाशिवाय समजते. फरशीवर पाणी साचलेले असल्यास ते टिपून घ्यावे, मात्र भिंतीचे अस्तर उचकटण्याची घाई करू नये.

हे पाणी पावसाचे, नळांचे की हवेतल्या बाष्पाचे, हे कसे ओळखावे?

सगळा शोध या एका प्रश्नावर उभा असल्याने त्याला पुरेसा वेळ द्यावा. कॅरॅव्हॅनमध्ये पाणी तीन वाटांनी येते: बाहेरच्या सांध्यांतून आत झिरपणारे पाऊसपाणी, आतल्या नळयोजनेतून निसटणारे पाणी आणि हवेतल्या बाष्पाचे थंड पृष्ठभागावर जमणारे थेंब. तिन्हींचे डाग जवळजवळ सारखे दिसतात, उपाय मात्र पूर्णपणे वेगळे आहेत.

सर्वांत खात्रीची पद्धत म्हणजे एका वेळी एकच शक्यता शिल्लक ठेवणे. टाकी, गीझर आणि नळ्या पूर्ण रिकाम्या करून, पंप बंद ठेवून कॅरॅव्हॅन उघड्यावर दोन-तीन पावसांत उभी करावी. ओल वाढली तर ती वाढ नळयोजनेमुळे झालेली नाही. उलट बाजूने, छपराखाली कोरड्या जागी उभी करून टाकी भरावी, पंप चालू करून सर्व नळांत दाब येऊ द्यावा आणि रात्रभर तशीच ठेवावी. सकाळी ओल सापडली तर पावसाचा त्याच्याशी संबंध नाही.

बाष्पाची ओल वेगळी ओळखता येते. ती रात्री माणसे झोपल्यावर किंवा स्वयंपाकानंतर दिसते, खिडक्यांच्या काचांवर, धातूच्या स्क्रूंच्या डोक्यांवर, गादीच्या खालच्या बाजूला आणि कपाटाच्या बंद कोपऱ्यांत एकसारखी पसरलेली असते आणि खिडक्या उघडून हवा खेळू दिली की ओसरते. गॅसच्या ज्वलनातून किती पाणी तयार होते याची अनेकांना कल्पना नसते. १ किलो प्रोपेन जळाला की सुमारे १.६ किलो पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडते. म्हणजे उघड्या शेगडीवर जेवढा गॅस संपतो, त्याच्या दीडपटीहून अधिक वजनाचे पाणी आतल्या हवेत मिसळते, आणि ते भांड्यातल्या वाफेखेरीज. गीझर किंवा हीटरचा धूर वेगळ्या नळीने बाहेर जात असेल तर त्यांचे पाणी या हिशेबात धरू नये.

मग हवा येणारे झरोके बुजवून टाकले तर आत थंडी आणि ओल कमी येणार नाही का?

कधीही बुजवू नयेत. जमिनीतील व छतातील कायमस्वरूपी झरोके गळालेला गॅस खाली निघून जावा आणि ज्वलनातील विषारी वायू आत साचू नये यासाठी ठेवलेले असतात. शिवाय ते बंद केल्यास बाष्प आतच कोंडते आणि ओल वाढते.

पावसाचे पाणी नेमके कुठून शिरते?

यासाठी भिंत कशी बांधलेली असते हे डोळ्यांसमोर आणावे लागते. जुन्या पद्धतीच्या कॅरॅव्हॅनमध्ये मऊ लाकडाच्या पट्ट्यांचा सांगाडा, त्यामधल्या पोकळीत थर्माकोल, बाहेरून अॅल्युमिनियमचा पातळ पत्रा आणि आतून कागदी किंवा विनाइल आवरण चिकटवलेले पातळ प्लायवूड असते. नंतरच्या काळात हे थर एकमेकांना चिकटवून केलेले अखंड फलक वापरले जाऊ लागले. काही ठिकाणी पत्र्याऐवजी फायबरग्लास असतो आणि काही उत्पादकांनी लाकूडच काढून टाकले आहे. पद्धत कोणतीही असो, पत्र्याच्या सपाट भागातून पाणी सहसा येत नाही. ते येते दोन फलक जिथे मिळतात त्या सांध्यातून, आणि कोणीतरी काहीतरी बसवण्यासाठी पाडलेल्या भोकातून.

छत आणि बाजूची भिंत यांच्या कोपऱ्यावर अॅल्युमिनियमची एक लांब पट्टी असते. तंबू अडकवायची खाच तिच्यातच असल्याने तिला ऑनिंग रेल म्हणतात. तिच्याखाली मॅस्टिकचा, म्हणजे फट बुजवणाऱ्या, सहजासहजी न सुकणाऱ्या चिकट लगद्याचा थर असतो, ती दर काही सेंटिमीटरवर स्क्रूने घट्ट केलेली असते आणि स्क्रूंची डोकी झाकण्यासाठी वरून प्लास्टिकची फीत बसवलेली असते. ६ मीटर लांबीचे अॅल्युमिनियम तापमान ४० अंश सेल्सिअसने वाढले की सुमारे ५.५ मिलिमीटरने लांबते. उन्हातून रात्रीच्या गारव्यात जाताना ही ओढाताण रोज होते. वर्षानुवर्षांच्या या हालचालीने आणि रस्त्यावरच्या हादऱ्यांनी मॅस्टिक कोरडे पडते, त्याला भेगा जातात आणि पाणी स्क्रूच्या भोकातून थेट लाकडात उतरते. माझ्या मते संशयितांच्या यादीत या पट्टीला पहिले स्थान द्यावे आणि पुढच्या-मागच्या कोपऱ्यांतल्या उभ्या पट्ट्यांना दुसरे.

यानंतर छतावरच्या उघडझाप होणाऱ्या खिडक्या, अँटेनाचा पाया, बाजूच्या खिडक्यांच्या चौकटी, दाराची चौकट, ओढण्यासाठीच्या मुठी, मागचे व कडेचे दिवे, पाणी भरण्याचे तोंड, फ्रिजच्या जाळ्या आणि चाकांवरच्या कमानी यांकडे वळावे. मुठी आणि दिवे यांच्याकडे दुर्लक्ष होते. कॅरॅव्हॅन हाताने हलवताना संपूर्ण जोर मुठीवर येतो, त्यामुळे तिच्यामागचे सील सैल होणे स्वाभाविक आहे. दिव्याच्या काचेच्या आत पाणी साचलेले दिसले तर त्याच्या वायरीच्या भोकाची तपासणी टाळू नये.

ओल जिथे दिसते, तिथेच बाहेरून भोक असते का?

बहुधा नसते. आत शिरलेले पाणी लाकडी पट्टीच्या आधाराने, वायरीच्या कडेने किंवा थर्माकोल आणि पत्रा यांच्यामधल्या फटीतून सरकत जाते आणि जिथे त्याला अडथळा मिळतो किंवा प्लायवूडचा सांधा उघडा सापडतो, तिथे प्रकट होते. मागच्या कोपऱ्यातल्या पलंगाखाली दिसणाऱ्या ओलीचा उगम छताच्या मधल्या खिडकीत असू शकतो. अशा वेळी खालच्या कोपऱ्यात सीलंट भरणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

कॅरॅव्हॅन कशी उभी होती, हेही पाहावे. पुढच्या टेकूच्या चाकाची उंची थोडी बदलली तरी छतावरचे पाणी वाहण्याची दिशा बदलते. म्हणून ओल पहिल्यांदा दिसली तेव्हाचा कल तसाच ठेवून तपास करावा आणि नंतर मुद्दाम पुढची बाजू वर, मग मागची बाजू वर करून फरक पाहावा. मागोवा नेहमी ओलीपासून वर आणि उताराच्या उलट दिशेने घ्यावा.

ओलमापक यंत्राचे आकडे कसे वाचावेत?

दोन टोकदार सुया असलेला ओलमापक लाकडातून किती वीज वाहते यावरून ओलाव्याची टक्केवारी दाखवतो. दुरुस्ती करणाऱ्यांमध्ये साधारण असा मापदंड पाळला जातो: १५ टक्क्यांपर्यंतचे वाचन कोरडे मानावे, १५ ते २० टक्क्यांमध्ये लक्ष ठेवावे, २० च्या पुढे कारण शोधून उपाय करावा आणि ३० टक्क्यांच्या पुढे सांगाड्याला इजा होत असण्याची शक्यता गृहीत धरावी. लाकूड कुजवणारी बुरशी २० टक्क्यांखाली सहसा वाढत नाही, हे या आकड्यांमागचे कारण आहे.

मात्र एकटे वाचन फसवे असते. सुया एखाद्या धातूच्या पिनेला, वायरीला किंवा चकचकीत फॉइलच्या अस्तराला टेकल्या तर ठणठणीत कोरड्या भिंतीतही आकडा आकाशाला भिडतो. उलट, सुया फक्त वरच्या आवरणात रुतल्या तर आतले कुजलेले लाकूड दिसतच नाही. यासाठी भिंतीचा कागदावर नकाशा काढून दर ३० सेंटिमीटरवर वाचन घ्यावे आणि निरपेक्ष आकड्यापेक्षा शेजारच्या दोन वाचनांमधली तफावत पाहावी. आकडे ज्या दिशेने चढत जातात, त्या दिशेला उगम असतो. सुयांची भोके कपाटाच्या आत किंवा पडद्यामागे पाडावीत, म्हणजे ती नजरेस येत नाहीत.

बागेच्या नळीने पाणी मारून गळती शोधता येते का?

येते, पण शिस्तीने. वरून एकदम पाणी सोडले तर ते सगळ्याच सांध्यांवरून वाहते आणि शेवटी काहीच सिद्ध होत नाही. आतून गाद्या, खालचे फळकूट आणि शक्य तेवढे अस्तर मोकळे करून एका व्यक्तीने बॅटरी घेऊन आत बसावे. दुसऱ्या व्यक्तीने हलक्या धारेने सर्वांत खालच्या सांध्यापासून सुरुवात करावी, एकेका सांध्यावर किमान १० मिनिटे पाणी सोडावे आणि आतून काही दिसले नाही तरच वर सरकावे. खालून वर जाण्याचे कारण उघड आहे. ज्या पायरीला आत थेंब आला, त्याच पायरीचा सांधा दोषी ठरतो, कारण त्याच्या खालचे सर्व आधीच निर्दोष ठरलेले असतात.

संशयित जागी आतून कोरडा टिश्यू पेपर चिकटवल्यास पहिला थेंबही दिसतो. उच्च दाबाचे धुण्याचे यंत्र मात्र वापरू नये. ते चांगल्या सीलमधूनही पाणी आत ढकलते आणि नसलेली गळती निर्माण करते.

हवेच्या दाबाची चाचणी म्हणजे काय?

दार, खिडक्या आणि झरोके तात्पुरते टेपने बंद करून पंख्याने आत हवा भरली जाते, त्यामुळे आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित वाढतो. मग बाहेरच्या सांध्यांवर साबणाचे पाणी फवारले की जिथून हवा निसटते तिथे बुडबुडे येतात. छिद्र थेट बाहेरच्या बाजूला दाखवणारी ही चाचणी असल्याने, आतल्या आत लांब भटकणाऱ्या पाण्याच्या बाबतीत ती नळीच्या चाचणीपेक्षा सरस ठरते. दाब अगदी कमी ठेवावा लागतो, नाहीतर छतावरची खिडकी उचलली जाते. चाचणीपूर्वी गॅसची उपकरणे बंद करावीत आणि झरोक्यांवरचे टेप काढायला विसरू नये.

सर्व नळ बंद असताना पंप मधूनच क्षणभर चालू होतो. हे गळतीचे लक्षण आहे का?

आधी पंपाचा प्रकार पाहावा. काही कॅरॅव्हॅनमध्ये नळ उघडला की नळातच बसवलेला छोटा स्विच पंपाला वीज देतो. अशा योजनेत नळ बंद असताना पंप सुरू झाला, तर तो स्विच ओला झाला आहे किंवा अडकला आहे असे समजावे. दुसऱ्या प्रकारात वाहिनीतला दाब कमी झाला की दाबाचा स्विच पंप सुरू करतो. इथे दर काही मिनिटांनी येणारी ती छोटी घरघर म्हणजे दाब कुठेतरी निसटत असल्याची खूण आहे.

तरीही लगेच जमीन उचकटू नये, कारण दाब बाहेर जाण्याऐवजी मागे टाकीकडेही जाऊ शकतो. पाणी मागे जाऊ न देणाऱ्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला की तसे होते आणि एक थेंबही बाहेर सांडत नाही. बॅटरी उतरलेली असेल तर पंप बंद होण्याइतका दाबच तयार होत नाही, ही तिसरी शक्यता आहे. साधी चाचणी अशी: पंपाने दाब भरू द्यावा, तो थांबला की पंपाचा मुख्य स्विच बंद करावा आणि तासाभराने एक नळ उघडावा. पाणी जोराने उडाले तर वाहिनी दाब धरून आहे. नुसती करंगळीएवढी धार आली तर दाब गेला आहे, आणि मग नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह निर्दोष असल्याची खात्री करून सांध्यांकडे वळावे.

पंपाच्या आधीच्या, म्हणजे पाणी ओढणाऱ्या बाजूच्या सांध्यात फट असेल तर पंप चालताना पाणी बाहेर येण्याऐवजी हवा आत ओढली जाते. नळातून फुरफुरत, तुटक येणारे पाणी त्याची साक्ष देते.

नळ्यांचे सांधे कसे तपासावेत आणि दुरुस्त करावेत?

प्रत्येक सांध्याभोवती कोरड्या टिश्यूची गुंडाळी करावी आणि दाब भरून तासभर थांबावे. हात फिरवून न लागणारी ओल कागद लगेच दाखवतो. गरम पाण्याच्या बाजूची चाचणी गीझर तापवून पुन्हा करावी. थंड असताना घट्ट बसलेला सांधा तापल्यावर गळतो, हा प्रकार दुर्मीळ नाही.

मऊ नळी आणि होज क्लिप असलेल्या सांध्यात क्लिप आवळून पाहावी, पण नळीचे टोक कडक होऊन ताणलेले असेल तर आवळून उपयोग नसतो. टोकाचा २ सेंटिमीटर भाग कापून नळी नव्याने बसवावी. दाबून बसवायच्या जोडणीत आत रबराची गोल रिंग असते आणि नळीवर ओरखडा असेल तर पाणी त्या ओरखड्याच्या वाटेने निसटते. नळी धारदार कटरने अगदी काटकोनात कापावी, कडा गुळगुळीत करावी, किती आत जायला हवी त्याची पेन्सिलीने खूण करावी आणि खूण दिसेनाशी होईपर्यंत ढकलून मग मागे ओढून पाहावे. करवतीने तिरकी कापलेली नळी आज गळणार नाही, पण चार खडबडीत रस्त्यांनंतर गळेल. नळी वळणावर ताणलेली असल्यास तिला आधाराची क्लिप द्यावी, कारण सततचा बाजूचा ताण रिंगेला एका अंगाने दाबून ठेवतो.

कडक थंडीनंतर पहिल्यांदा पाणी भरले आणि सगळीकडून पाणी आले. असे का झाले?

पाणी गोठताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. नळात, गाळणीच्या काचेत, शॉवरच्या मुठीत किंवा गीझरमध्ये अडकलेले थोडेसे पाणीही तेवढ्याने तडे पाडते. हे तडे बर्फ असेपर्यंत बंद असतात आणि नंतरच्या पहिल्या भरणीला उघडे पडतात. पंपाचे डोके आणि नळांमधले सिरॅमिक भाग आधी पाहावेत. पुढच्या थंडीपूर्वी सर्व निचरा-व्हॉल्व्ह उघडून, सर्व नळ मधल्या स्थितीत उघडे ठेवून पाणी सोडावे. एकच बाजू उघडी ठेवल्यास दुसऱ्या बाजूचे पाणी आत राहते, आणि शॉवरची मूठ खाली टेकवली नाही तर तिच्यातलेही.

गीझर तापताना कॅरॅव्हॅनच्या बाहेर थेंब पडतात. ही गळती आहे का?

पाणी १० वरून ७० अंशांपर्यंत तापले की सुमारे २ टक्क्यांनी प्रसरण पावते. १० लिटरच्या गीझरमध्ये ते दोनशे मिलिलिटरच्या आसपास होते आणि सुरक्षा-व्हॉल्व्हमधून त्यातला काही भाग बाहेर जाणे नैसर्गिक आहे. गीझर थंड असतानाही ठिबकत राहिले तर व्हॉल्व्हमध्ये क्षार किंवा कचरा अडकलेला असतो.

शॉवर वापरल्यानंतरच जमीन ओली होते. नेमका दोष कसा शोधावा?

इथे तीन वेगळ्या चाचण्या क्रमाने कराव्यात. प्रथम शॉवरच्या तळाचे भोक बंद करून २–३ सेंटिमीटर पाणी भरावे आणि तासभर न हलवता ठेवावे. पातळी उतरली तर तळाच्या प्लास्टिकला तडा आहे. खालून आधार नसलेल्या ठिकाणी पाय पडून असा तडा जातो, म्हणून चाचणी कोरडी गेली तर पुन्हा एकदा कोणीतरी त्यात उभे राहून करावी. दुसऱ्यांदा भोक उघडून ते पाणी एकदम जाऊ द्यावे. आता ओल आली तर निचऱ्याची नळी किंवा तिचा कॉलर दोषी आहे. तिसऱ्यांदा फक्त भिंतींवर पाणी मारावे, म्हणजे कोपऱ्यातले आणि नळाच्या मागचे सील तपासले जाते.

निचऱ्याच्या नळ्या एकमेकींत मिसळत असल्यास सिंकमध्ये खाण्याच्या लाल रंगाचे आणि शॉवरमध्ये निळ्या रंगाचे पाणी सोडावे. जमिनीवरचा थेंब आपला पत्ता स्वतःच सांगतो. पिण्याच्या टाकीत रंग टाकू नये.

घरात वापरतो ते सिलिकॉन लावले तर चालेल का?

बाहेरच्या सांध्यांवर लावू नये, असे माझे ठाम मत आहे. सिलिकॉनचा अगदी पातळ थरही मागे राहिला तर त्यावर नंतर दुसरे कोणतेही सीलंट नीट धरत नाही, त्यामुळे पुढची दुरुस्ती अवघड होऊन बसते. व्हिनेगरसारखा वास येणाऱ्या प्रकारातून सुकताना अॅसिटिक आम्ल सुटते आणि ते अॅल्युमिनियमला मानवत नाही. शिवाय सांध्याच्या वरून ओढलेली सिलिकॉनची रेघ पाणी अडवते त्यापेक्षा आत शिरलेले पाणी कोंडून ठेवण्याचे काम अधिक करते.

उघडून पुन्हा बसवायच्या भागांखाली, म्हणजे रेल, दिवे, खिडकीच्या चौकटी यांच्याखाली, कायम मऊ राहणारे ब्युटिल मॅस्टिक किंवा त्याची फीत वापरावी. ते हालचालीसोबत ताणले जाते आणि पुढे काढताही येते. जिथे सांधा उघडा दिसणार आहे आणि ऊन झेलणार आहे, तिथे हायब्रिड पॉलिमर प्रकारचे सीलंट योग्य. पॉलियुरेथेन फार घट्ट चिकटते, म्हणून जो भाग पुन्हा कधीच काढायचा नाही त्यासाठीच ते राखून ठेवावे. अॅक्रिलिकच्या खिडक्या आणि प्लास्टिकचे भाग यांच्याजवळ थिनर, पेट्रोल किंवा तत्सम द्रावके नेऊ नयेत, त्यांनी बारीक भेगांचे जाळे पडते.

ऑनिंग रेल काढून पुन्हा कशी बसवावी?

कोरडा दिवस निवडावा आणि एका वेळी एकाच बाजूचे काम करावे. प्लास्टिकची फीत काढल्यावर स्क्रू एकेक करून सोडवावेत. गंजलेला स्क्रू किंवा भोकातून बाहेर येणारा काळपट भुसा दिसला तर तिथे खूण करून ठेवावी, कारण ओलीची वाट तिथूनच गेलेली असते. रेल लांब आणि मऊ असल्याने ती दोघांनी मिळून, कुठेही न वाकवता उचलावी. वाकलेली रेल पुन्हा कधीच सपाट बसत नाही.

जुने मॅस्टिक प्लास्टिकच्या स्क्रॅपरने खरवडावे, उरलेला चिकटपणा व्हाइट स्पिरिटने आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा. पत्र्याच्या कडेला पांढरी भुकटी असेल तर अॅल्युमिनियम आतून खाल्ले जात आहे. रात्री आतून दिवा लावून अशा जागी सुईच्या टोकाएवढी भोके दिसतात का, ते पाहावे. लाकडाची भोके सैल झाली असल्यास केवळ जाड स्क्रू घालून भागत नाही. खालचे लाकूड टणक असल्याची खात्री करूनच भोके गोंद आणि लाकडी काडीने भरून नव्याने पाडावीत. ब्युटिलची फीत रेलच्या पूर्ण रुंदीला अखंड लावावी, जोड शक्यतो कोपऱ्यावर येऊ देऊ नये आणि स्टेनलेस स्टीलचे स्क्रू मधून टोकांकडे जात थोडे थोडे आवळावेत. मॅस्टिक कडेने सारखे बाहेर आले की थांबावे. पूर्ण दाबून काढले तर आत काहीच उरत नाही. बाहेर आलेला भाग दुसऱ्या दिवशी कापावा आणि फीत मात्र नवीच घालावी.

छतावर काम करताना सांगाड्यावर आडवी फळी टाकून वजन पसरावे. छतावर थेट पाय ठेवल्याने नव्या गळतीची सोय होते.

खिडकीच्या दोन थरांमध्ये पाणी साचले आहे. चौकट गळते का?

नाही. दुहेरी अॅक्रिलिकच्या आतल्या पोकळीत बाष्प जमले आहे, एवढेच. कडेची छोटी बुचे काढून खिडकी काही दिवस कोरड्या उबदार जागी ठेवावी. चौकट गळत असेल तर ओल खिडकीच्या खालच्या कोपऱ्यांतल्या भिंतीवर येते.

पाऊस कितीही पडो, उभी असताना कोरडी असते, पण पावसातून प्रवास केल्यावर ओली होते. का?

चाकांनी उडवलेले पाणी जोराने खालून येते. चाकांच्या कमानी, जमिनीतून गेलेल्या नळ्या-वायरींची भोके आणि जमिनीच्या कडांचे सांधे तपासावेत. समोरून येणारे पाणी वाऱ्याच्या दाबाने पुढच्या खिडकीच्या आणि गॅसपेटीच्या झाकणाच्या सीलमधूनही शिरते. कोरड्या रस्त्यावरही असे होत असेल, तर आतल्या टाकीचे झाकण किंवा हवेची नळी पाहावी, कारण ब्रेक लागला की टाकीतले पाणी पुढे उसळते.

आतले लाकूड कुजले आहे. काय करावे?

आधी गळती थांबवावी, मग सुकवावे, मग बांधावे. हा क्रम उलटा केल्यास सर्व खर्च पाण्यात जातो. आतले प्लायवूड ओल संपते त्याच्याही पलीकडे हातभर कापून काढावे, ओले थर्माकोल फेकून द्यावे आणि स्क्रूड्रायव्हरचे टोक लाकडात खुपसत जावे. टोक जिथे सहज रुतते तिथपर्यंतचे, आणि त्यापुढचे थोडे टणक लाकूडही, काढून टाकावे. उघडा सांगाडा हवा कोरडी करणाऱ्या यंत्राने सुकवण्यास कित्येक आठवडे लागतात. हीटर लावून घाई केल्यास पृष्ठभाग कोरडा होतो आणि गाभा ओलाच राहतो. वाचन १५ टक्क्यांच्या खाली येऊन आठवडाभर तिथेच स्थिरावल्याशिवाय काहीही झाकू नये.

नवे लाकूड बुरशीरोधक द्रावणाने माखलेले असावे आणि जुन्याशी तिरक्या जोडाने, गोंद लावून जोडावे. स्क्रूची लांबी दोनदा मोजावी. बाहेरच्या पत्र्यातून डोकावणारा स्क्रू म्हणजे नवी गळती, आणि भिंतीतल्या वायरीत किंवा गॅसच्या नळीत शिरलेला स्क्रू त्याहून कितीतरी वाईट. गॅसची नळी हलवावी लागणार असेल तर ते काम पात्र तंत्रज्ञाकडेच द्यावे.

चालताना जमीन दबते आणि करकरते. तीही ओलीमुळेच का?

असेलच असे नाही. प्लायवूड, फोम आणि प्लायवूड असे चिकटवलेले थर सततच्या वर्दळीने, विशेषतः दाराजवळ आणि स्वयंपाकाच्या ओट्यासमोर, सुटे होतात. ओलमापकाचे वाचन कोरडे असेल तर ठरावीक अंतरावर भोके पाडून आत रेझिन भरतात आणि वर वजन ठेवून थर पुन्हा चिकटवतात. वाचन ओले असेल तर आधी पाण्याचा शोध घ्यावा.

हमी चालू असताना स्वतः दुरुस्ती करावी का?

पाणी शिरण्याविरुद्धची हमी अनेक उत्पादक दरवर्षी अधिकृत तपासणी करून नोंद ठेवण्याच्या अटीवरच देतात. स्वतः उघडलेला सांधा ती हमी रद्द करू शकतो. अशा वेळी पेन्सिलीच्या रेघांची छायाचित्रे, तारखा आणि वाचनांचा नकाशा घेऊन विक्रेत्याकडे लेखी तक्रार करावी.

दुरुस्ती पूर्ण झाली असे कधी समजावे?

पहिल्या कोरड्या आठवड्यात तर नक्कीच नाही. त्याच नकाशावरच्या त्याच बिंदूंवर एका महिन्याने, तीन महिन्यांनी आणि जोरदार पावसाच्या काळानंतर वाचन घ्यावे, शक्यतो सारख्याच तापमानाला, आणि आकडे तारखेसह त्याच कागदावर लिहावेत. ज्या कोपऱ्यातले अस्तर काढले होते, तिथे शेवटची पट्टी गोंदाने न चिकटवता दोन स्क्रूंवर बसवावी. पुढच्या तपासणीला ती पाच मिनिटांत उघडता येते.